न सांगितलेला हप्ता

अरविंद टिपणीस विमा विकायचे, पण विमा विकणाऱ्या माणसाच्या अंगी जो एक निगरगट्टपणा लागतो तो देवाने त्यांना द्यायचा राहूनच गेला होता. समोरच्या माणसाचा चेहरा उतरलेला त्यांना बघवत नसे. आता, विम्याचा हप्ता ऐकून कुणाचा चेहरा उतरणार नाही? गाडीचा असो, घराचा असो, दर वर्षी तो वाढतोच. लोक कंपनीच्या नावाने बोटं मोडतात, पंखा वाढवतात, पाणी पितात आणि गप बसतात. टिपणिसांना मात्र वाटायचं, की हा हप्ता आपणच परवा गुपचूप जाऊन वाढवून आलो आहोत.

सहकारी बँकेतली नोकरी वेळेआधी सोडून त्यांनी ही एजन्सी घेतली, तेव्हा सुरतेतल्या लोकांच्या मनात पुराची धास्ती ताजी होती. दोन हजार सहाला तापी घरात शिरून गेली होती, अर्धं शहर गच्चीवर राहिलं होतं. त्यामुळे घराचा विमा काढायला लोक आपण होऊन टिपणिसांच्या अडाजणच्या फ्लॅटची बेल वाजवायचे. पुढे पुराची आठवण जसजशी उतरत गेली, तसतसा हप्ता चढत गेला, आणि बेल वाजवायची पाळी टिपणिसांवर आली.

वाढलेला आकडा ते फोनवर कधी सांगत नसत. फोनवर सांगणं त्यांना उद्धटपणाचं वाटे. ते स्वतः जात. चपला काढत, आजोबांच्या गुडघ्याची चौकशी करत, सुनेला दिवस गेले असतील तर त्याबद्दल आनंद दाखवत, चहा घेत, बशी खाली ठेवत, आणि मग समोरच्या फरशीकडे बघत, जणू फरशीलाच सांगतोय अशा आवाजात आकडा म्हणत.

"तुम्ही हप्ता सांगायला जाता की सांत्वनाला?" नीलाबाई विचारायच्या. बत्तीस वर्षं शाळेत गणित शिकवल्यामुळे आकड्यांची त्यांना भीडभाड नव्हती. "पांढरे कपडे तेवढे घालून जा, म्हणजे लोकांना लांबूनच कळेल."

खालच्या मजल्यावरचे छगनभाई तर टिपणीस दारात दिसले की हात जोडायचे. "अरविंदभाई, फरी वध्यो?"

"वाढला हो थोडा."

"तापी तो आ वरसे आवी नथी. तो हप्तो केम आव्यो?"

पूरच आला नाही तर हप्ता कसा आला, हा प्रश्न टिपणिसांनाही रास्त वाटायचा. ते खरोखरच अपराधी चेहरा करायचे आणि छगनभाईंनाच त्यांची दया येऊन ते पैसे भरायचे. म्हणजे धंदा चालत होता, पण तो असा, दयेवर.

याच हळवेपणातून त्यांनी आणखी एक सोय करून ठेवली होती. पॉलिसीवर ग्राहकाचा मोबाइल नंबर लिहायची एक जागा असते. कंपनी त्या नंबरावर मेसेज पाठवते: आपली मुदत संपत आली आहे, त्वरित भरा, न भरल्यास संरक्षण मिळणार नाही. टिपणिसांना हे मेसेज फार तुसडे वाटत. सकाळी सकाळी कामावर निघालेल्या माणसाने ते का वाचावेत? म्हणून जवळच्या ग्राहकांच्या पॉलिसीवर ते आपलाच नंबर घालत. सगळ्या गावाच्या धमक्या मग टिपणिसांच्या खिशात वाजत राहत, आणि ते त्या धमक्यांचं गोड बोलण्यात रूपांतर करून घरोघर पोचवत. हा उपकार आपण करतो आहोत हे त्यांनी कुणाला सांगितलंही नव्हतं.

जवळच्या ग्राहकांत सगळ्यात जवळचा होता सुकलाल.

सुकलाल मूळचा अमळनेरकडचा. तरुणपणी पांडेसऱ्याच्या एका डाइंग मिलमध्ये लागला, रंगाच्या वाफेत दहाएक वर्षं काढली, आणि मग कर्ज काढून ज्याला सगळे छोटा हत्ती म्हणतात तो टेम्पो घेतला. मिलमधून कापडाचे तागे उचलायचे आणि रिंगरोडच्या मार्केटला पोचवायचे. बोलायला मोठा रसाळ. घरी अहिराणी, मार्केटात गुजराती, पोलिसाशी हिंदी आणि टिपणिसांशी या सगळ्यांची मिसळ.

त्यांची मैत्री झाली ती एका अपघातामुळे. सुरतेजवळच्या सचिन गावाच्या रस्त्यावर एका ट्रकने सुकलालच्या पहिल्या टेम्पोला मागून असं ठोकलं, की टेम्पोची लांबी निम्मी झाली. नुकसानीची पाहणी करणारा सर्व्हेयर आज येतो, उद्या येतो करत राहिला. तेव्हा टिपणीस घरून डबा घेऊन त्याच्या ऑफिसात जाऊन बसले. भांडले नाहीत, भांडण त्यांना येतच नव्हतं. नुसते समोरच्या खुर्चीवर बसून राहिले, दुपारी त्यालाही डब्यातली पोळी-भाजी दिली. तिसऱ्या डब्याला सर्व्हेयर शरमला आणि उठून टेम्पो बघायला आला. पैसे मिळाले, नवा टेम्पो आला, आणि त्या दिवसापासून सुकलालने 'साहेब' सोडून 'भाऊ' धरलं. त्याला सख्खा भाऊ नव्हता.

या वर्षी श्रावणात त्या टेम्पोच्या विम्याची मुदत संपत होती आणि हप्ता चांगलाच चढला होता. टिपणिसांच्या खिशात मेसेज वाजून वाजून थकले. ते मात्र रोज पांडेसऱ्याला जायचं ठरवत आणि रोज काहीतरी काढत. एकदा स्कूटरचं टायर, एकदा नीलाबाईंचं पार्सल, एकदा नुसतंच ऊन. खरं कारण मागच्या वर्षीचं होतं. मागच्या वर्षी आकडा ऐकून सुकलाल "देसू भाऊ" एवढंच म्हणाला होता, आणि नंतर मालतीबाईंनी, म्हणजे सुकलालच्या बायकोने, जो चहा आणला त्यात साखर नव्हती. घरातली साखर संपली होती, की हा निषेध होता, की आकडा ऐकून बाई विसरून गेली होती, याचा विचार टिपणीस वर्षभर करत होते.

शेवटी उद्या मुदत संपणार अशा रविवारी ते निघाले. "आज सांगून येतोच," असं नीलाबाईंना बजावून, म्हणजे खरं तर स्वतःला बजावून.

पण पांडेसऱ्याच्या त्या गल्लीत शिरल्यावर त्यांच्या लक्षात आलं, की आपला दिवस चुकला. घराबाहेर चपलांचा ढीग, आत बायकांची गाणी, तुपाचा वास. खानदेशी घरांत श्रावणातल्या ज्या रविवारी कानबाई देवी बसते तो हा रविवार होता. चौरंगावर नारळाची कानबाई नथ घालून, डोळे रेखून बसली होती. सुकलाल दुकानातल्या घडीसकट नवा पांढरा शर्ट घालून दारात आला.

"या भाऊ, या! बरं झालं तुम्ही उनात. मी फोनच करनार व्हतू."

"अरे, मला माहीत नव्हतं सण आहे. मी नंतर येतो…"

"नंतर काय? बठा. आज तुमले असं सोडाव नही."

टिपणीस खांद्यावरची पिशवी सावरत पंगतीत बसले. पिशवीत पॉलिसीचा कागद होता. शेजारी सुकलालचे गावाकडून आलेले सुपडूकाका बसले होते. त्यांनी टिपणिसांकडे खालपासून वरपर्यंत पाहिलं.

"हाई कोन?"

"आपलाच शे, काका," सुकलाल म्हणाला.

"आडनाव?"

"टिपणीस," टिपणीस म्हणाले.

"मंग आपला कसा?" काकांनी सरळ विचारलं. आणि त्यांचंही बरोबर होतं. कानबाईच्या प्रसादाचा रोट भाऊबंदकीबाहेरच्या माणसाला देत नाहीत. घरातल्या एकेका पुरुषाच्या नावाने गव्हाची मूठ मोजायची, ते गहू घरीच दळायचे आणि त्या पिठाचा रोट भाऊबंदांनीच संपवायचा. शेजारी कितीही जवळचा असला तरी त्याला दुसरं काहीही वाढतात, रोट नाही.

तेवढ्यात मालतीबाई ताट घेऊन आल्या. त्यात रोट होता. त्या काकांना म्हणाल्या, "काका, त्यासना नावनी मूठ टाकेल शे मी. आते पीठमातून काढता येस का?"

सगळी पंगत हसली. काकाही हसले आणि म्हणाले, "मंग खाय बापू, खाय. आते तू अडकना."

टिपणीस खरोखरच अडकले. त्यांच्या नावाने या घरात गहू मोजले गेले होते, ते नसताना, त्यांना न सांगता. त्यांनी रोटाचा तुकडा मोडला. मांडीवर ती पिशवी होती आणि पिशवीत तो आकडा. हातात रोट धरून आकडा कसा सांगतात, हे त्यांना कुणी शिकवलं नव्हतं.

निघताना सुकलाल गल्लीच्या तोंडापर्यंत पोचवायला आला. तिथे टेम्पो धुऊन पुसून उभा होता. दुसऱ्या दिवशीच्या विसर्जनासाठी त्याला आंब्याची पानं बांधली होती. सुकलालने त्याच्या बोनेटवर थाप मारली आणि विचारलं, "भाऊ, काही काम व्हतं का? पिशवी लीसन तुम्ही उनात म्हनून इचारं."

इतकं सोपं करून कुणी विचारलं नसेल.

"छे छे. सहजच आलो होतो," टिपणीस म्हणाले.

घरी नीलाबाईंनी दारातच विचारलं, "सांगितलं?"

"अगं, त्यांच्याकडे कानबाई होती."

"मग? तिला विम्याचं वावडं आहे?"

"त्यांनी मला रोट दिला, नीला. माझ्या नावाची मूठ घातली होती."

नीलाबाईंनी त्यांच्या खांद्यावरची पिशवी उतरवून घेतली. मग म्हणाल्या, "मग तर सांगायलाच हवं होतं."

सोमवारी विसर्जन होतं. मिरवणुकीत असलेल्या माणसाला फोन कसा करायचा? टिपणिसांनी मेसेज लिहिला, वाचला, फार रुक्ष वाटला म्हणून पुसला. त्यात 'जय कानबाई' घालून पाहिलं, ते आणखी वाईट दिसलं. हप्ता आपणच भरून टाकावा असंही मनात आलं. पण सुकलालला न विचारता त्याचा हप्ता भरणं म्हणजे त्याच्या हातात भीक ठेवण्यासारखं, असं म्हणून तेही राहिलं. सोमवार गेला आणि मुदतही गेली. मुदत गेली म्हणजे काही आभाळ कोसळत नाही, टिपणिसांनी स्वतःला समजावलं. गाडी तपासून घ्यायची, फोटो काढायचे, नवा विमा होतो. एखाददोन दिवसांचा प्रश्न.

आभाळ मंगळवारी कोसळायला लागलं. वरच्या अंगाला धो धो पाऊस झाला आणि पांडेसऱ्याकडची खाडी फुगली. नदीचा पूर निदान नाव सांगून येतो, खाडीचं पाणी गटारातून, मोरीतून, मागच्या दाराने येतं. सुकलालच्या गल्लीत ते कंबरेपर्यंत चढलं आणि दोन दिवस हललं नाही.

पाणी उतरलं त्या सकाळी सुकलालचा फोन आला. आवाजात हसू होतं.

"भाऊ! आपला हत्ती पोहाले लागना व्हता!"

"तुम्ही सगळे बरे आहात ना?"

"आम्ही मजामा. टेम्पोनं मात्र काही खरं नही. इंजिनमा चिखल, सीटवर चिखल. मालती रडी ऱ्हायनी. मी तिले सांगं, येडी, रडस काय? आपला भाऊ शे ना!"

टिपणिसांनी फोन ठेवून पिशवीतला कागद काढला, तारीख पुन्हा वाचली. मग उठून कंपनीच्या शाखेत गेले. तिथला मॅनेजर योगेंद्र त्यांच्या मुलाच्या वयाचा, स्वभावाने चांगला. त्याने संगणकात पाहिलं आणि मान हलवली.

"अंकल, मुदत संपलेली आहे. मागची तारीख टाकता येत नाही, सिस्टिम घेतच नाही. आणि घेत असती तरी…"

"नाही नाही, ते मी विचारतच नाहीये."

"तुम्ही कशाला मनाला लावून घेता? ग्राहकाने वेळेवर भरायला हवं होतं. तसं सांगून टाका. सगळ्यांना तसंच सांगतात."

तसं सांगणं फारच सोपं होतं. वाटेत स्कूटरवर टिपणिसांनी ते वाक्य मनात दोन-तीनदा म्हणूनही पाहिलं. तुझी मुदत संपली होती, सुकलाल. वाक्यात एक अक्षर खोटं नव्हतं.

गल्लीत सगळ्यांची अंथरुणं, डबे, टीव्ही रस्त्यावर वाळत पडले होते. सुकलाल टेम्पोच्या आत उकिडवा बसून डब्याने पाणी उपसत होता. टिपणिसांना बघून त्याने हात पँटला पुसला.

"सर्व्हेवाला कधी येस, भाऊ? तो येईपर्यंत हात लावाना नही म्हनतस. पन मी म्हटलं, पाणी तरी काढू."

"तो येणार नाही, सुकलाल. विमा संपला होता."

"कधी?"

"सोमवारी."

सुकलालने हातातला डबा खाली ठेवला.  मग स्वतःच्याच कपाळावर थाप मारून घेत म्हणाला, "हात्‌ तिच्या! कानबाईनी गडबडमा मीच इसरनू. माझीच चूक. तुम्ही काय करशात?"

असं आयतं दार कुणी उघडून दिलं, तर माणसाने आत जावं की नाही? टिपणीस उंबऱ्याशी उभे राहिले. आणि सुकलाल आपल्याच नादात पुढे बोलला, "पन माले मेसेज कसा नही उना? मार्केटमा सगळासले येतस."

"मेसेज मला आला," टिपणीस म्हणाले. "तुझ्या कागदावर मी माझा नंबर घातलाय. पहिल्यापासून. आणि त्या रविवारी मी तेवढ्यासाठीच आलो होतो. कागद पिशवीत होता."

सुकलाल टेम्पोतून खाली उतरला.

"मी इचारं व्हतं तुमले. काम शे का म्हनीसन."

"हो."

"मंग?"

"वाटलं, सणाच्या दिवशी कुठे… हप्ता बराच वाढला होता रे यंदा."

"आनि दुसरा दिनले?"

टिपणीस फरशीकडे बघायला गेले, पण तिथे फरशी नव्हती, चिखल होता.

"तुमले काय वाटनं, सुकलाल आकडा आयकीसन रडत बसी?" त्याचा आवाज चढला नव्हता, उलट उतरला होता. "मी इकडून तिकडून आनतू, बायकोशी भांडतू, तुमनी कंपनीले चार शिव्या देतू, आनि भरतू. दर साल भरस ना? कधी नही म्हटलं का?"

"नाही म्हटलंस."

"तुम्ही माले गरीब समजनात, भाऊ. गरिबनी दया कराले कोनले सांगितलं व्हतं? तुम्ही घरना मानूस ऱ्हातात ना, तर दारातूनच वरडतात, सुकल्या, हप्ता वाढना, काढ पैसा!"

मालतीबाई दाराशी येऊन उभ्या होत्या. त्यांनी सगळं ऐकलं असावं. त्या ओली गादी उचलून आत घेऊन गेल्या.

टिपणिसांनी दोन दिवसांनी येऊन पैशांची गोष्ट काढली. निम्मा भार मी उचलतो, म्हणाले. सुकलालने हात जोडले. "ते ऱ्हाऊ द्या," एवढंच म्हणाला, रागाने नाही, पाव्हण्याशी बोलावं तसं. टेम्पो भंगाराच्या भावाने गेला, आणि सुकलाल सचिनला एका मारवाड्याचा टेम्पो पगारावर चालवायला लागला.

टिपणीस त्यानंतर बदलले. पहिल्यांदा त्यांनी सगळ्या कागदांवर ज्याचे त्याचे नंबर घातले. मग चहा सोडला. आता ते उंबऱ्याबाहेर उभे राहूनच आकडा सांगतात, माणसाच्या डोळ्यांत बघून, मोठ्याने. छगनभाईंना हे अजिबात आवडलं नाही. "अरविंदभाई, बेसो तो खरा! तबियतनी वात करो, छोकरांनी वात करो!" पण टिपणीस बसत नाहीत, तब्येतीच्या की मुलाबाळांच्या गप्पा मारत नाहीत. कॉलनीत बोललं जातं, की धंदा वाढला तसा माणूस चढेल झाला. त्यानंतर त्यांच्या एकाही ग्राहकाची मुदत चुकलेली नाही. कंपनीने समारंभ करून त्यांना एक भिंतीवरचं घड्याळ दिलं. नीलाबाईंनी ते खोक्यातून बाहेर काढलं नाही. गणिताच्या बाईंना खरं तर असा नवरा हवा होता, पण आताशा त्याच मध्येच म्हणतात, "जरा दोन मिनिटं बसत जा हो लोकांकडे."

दिवाळी झाल्यावर एका सकाळी फोन वाजला. सुकलालने जुना टेम्पो घेतला होता.

"विमा काढना शे. कितला पडी?"

टिपणिसांनी खुशाली विचारली नाही, सुपडूकाकांची चौकशी केली नाही. सरळ आकडा सांगितला.

 मग सुकलाल म्हणाला, "जास्त व्हस. मार्केटमा एक पोऱ्या शे, तो कमीमा देस. तुम्ही कितला कमी करशात?"

इतक्या वर्षांत सुकलालने त्यांच्याशी कधी घासाघीस केली नव्हती. अर्ध्या रुपयाचीसुद्धा नाही. टिपणीस खिडकीशी जाऊन उभे राहिले. आकडा कमी होण्यासारखा नव्हता आणि तसं त्यांनी सांगितलं, स्पष्ट, समजावून, कशाचे किती ते सांगून. सुकलालने सगळं ऐकून घेतलं, दोन प्रश्न विचारले, आणि "बरं, इचार करस" म्हणून फोन ठेवला.

"कोण होतं?" आतून नीलाबाईंनी विचारलं.

"गिऱ्हाईक होतं," टिपणीस म्हणाले, आणि स्कूटरची किल्ली शोधायला लागले.